दर्याचा कौल

अक्साच्या किनाऱ्याला दोन रूपं आहेत. दिवाळीनंतर गेलात तर वाळू इतकी भरलेली असते की पाय ओढत चालावं लागतं. भर पावसाळ्यात गेलात तर तीच वाळू गायब. खालचे दगड उघडे, उतार खडा, आणि लाट थेट वरच्या सुरूच्या झाडांपर्यंत. माझी सासू म्हणायची, "दर्यो चोर आसा. नेता आणि परत आणून टाकता." माझा धाकटा दीर जयवंत म्हणायचा, "अगं आई, नेत बित नाही कुठे. इथंच चार पावलांवर पाण्याखाली नेऊन ठेवतो." यावरून दोघांचं तासभर चालायचं. मी म्हणायचे, वाळू कुठे का जाईना, तुम्ही दोघं जेवून घ्या, मला भांडी घासायचीत.

मी कमल. गोरेगाव पश्चिमेला बैठ्या चाळीत आमची एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. माझा नवरा लवू स्टुडिओत सुतार. सिनेमातले बंगले बांधायचा, ज्यांना पुढून दरवाजा आणि मागून नुसते टेकू. मी अंधेरीला एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. सासू शेवंती, मालवणकडची, पंचवीस वर्षं मुंबईत राहून एक शब्द बदलला नाही तिनं. सासरे गिरणीत होते, संपाच्या आधीच वारले, सुटले म्हणायचं. आणि जयवंत. आयटीआय केलेला, तोंडाळ, हसरा, आईचा लाडका. तो लाडका होता याचा मला राग नव्हता. लाडकेपणाचं काम माझ्या अंगावर पडायचं, त्याचा होता.

त्या वर्षी त्याला एका सर्वेक्षणात टेंपररी नोकरी लागली होती. शहराच्या सांडपाण्याचा पाइप समुद्रात कुठे सोडायचा, सोडलेलं पाणी कुठे जातं, असलं काहीतरी. याचं काम काय, तर किनाऱ्यावरून केशरी रंगाचे लाकडी ठोकळे पाण्यात सोडायचे. एवढंच. पण घरी येऊन आव असा की समुद्र यानंच भरलाय.

एका रविवारी मी तांदूळ निवडत बसले होते. हा आला आणि परात ओढून घेतली.

"वहिनी, बघ. ही परातीची कड म्हणजे किनारा."

"अरे मेल्या, उद्याच्या डब्याचे तांदूळ आहेत ते!"

"वाया नाही जात गं, धुवायचेच आहेत ना?" त्यानं कडेपासून चार बोटं सोडून तांदळाचा लांबट बांध घातला आणि मध्ये बोटानं एक फट पाडली. "पावसात लाटा किनाऱ्याची वाळू ओरबाडून नेतात आणि पुढे असा बांध घालतात. पाण्याखाली, दिसत नाही. आता लाट बांधावरून पाणी आत फेकते." तांब्यातलं पाणी त्यानं बांधावरून ओतलं. "आत आलेलं पाणी परत जाणार कुठनं?"

पाणी बांधाच्या आतल्या बाजूनं, परातीच्या कडेकडेनं सरकलं, फटीशी आलं आणि तिथून भसकन बाहेर पडलं. चार दाणेही घेऊन गेलं. खरं सांगायचं तर मला गंमत वाटली, पण मी तोंडावर दाखवलं नाही.

"ती फट किनाऱ्यावरनं ओळखता येते," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरं पांढरं, आणि मध्ये एक काळपट पट्टा, गुळगुळीत. लोकांना वाटतं वा, इथं शांत आहे. नेमके तिथंच उतरतात आणि वाट लागते. आमचा ठोकळा लाटांत टाकला तर लगेच पायाशी परत. त्या पट्ट्यात टाकला की गेलाच."

"आणि पुढे?"

"पुढे काय? पुढे होडीवाले उचलतात. माझं काम किनाऱ्यावरचं."

मी परात परत ओढून घेतली. सासू तिकडे सुपारी कातरत बसली होती. तिचं लक्ष नव्हतं, तिला परातीतल्या समुद्रात रस नव्हता.

सर्वेक्षण संपत आलं तेव्हा तिथल्या एका साहेबानं जयवंतला विचारलं, आखातात येतोस का? समुद्राच्या तळाची वाळू पाइपानं ओढायची आणि दुसरीकडे ओतून जमीन करायची, त्या जहाजावर माणसं हवी होती. जयवंत घरी आला तो नाचतच. लवूनं त्याच्या पाठीवर थाप मारली. मीही म्हटलं, झकास. सासूनं मात्र हातातलं ताट खाली ठेवलं.

"हयसून वाळू काढूची आणि थय घालूची? ह्या तर दर्यो फुकट करता. त्येच्यासाठी माझो झील कित्याक जाऊक होयो?"

आम्ही हसलो, पण ती हसत नव्हती. सासूचा एक भाऊ होता, अनंत. तरुणपणी बोटीवर गेला तो गेला. बातमी नाही, प्रेत नाही. घरात त्याचं नाव कुणी काढायचं नाही आणि त्याचं श्राद्धही व्हायचं नाही, कारण तो मेला असं सासूनं कधी कबूलच केलं नाही. दर सणाला एक पान जास्त वाढायची आणि मग ते गुपचूप स्वतःच संपवायची.

आठवडाभर घरात नुसती धुसफूस. जयवंत म्हणायचा मी जाणार, ती म्हणायची मी मेल्यावर जा. शेवटी ती म्हणाली, "कौल घेवया."

मालवणकडे काहीही करायचं तर देवाला विचारतात. गुरव देवाच्या अंगाला कळ्या लावतो, प्रश्न विचारतो, उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पुढे चर्चा नाही. पण गाव लांब, पावसात रस्त्याची बोंब, आणि जयवंतला उत्तर द्यायचं होतं राखीच्या सुमाराला. सासूनंच तोड काढली. नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ देतो. जायचंय दर्यावर, तर विचारायचंही दर्यालाच. नारळ घेतला तर जा. परत टाकला तर गप घरी रव.

"आई, हे कुठल्या शास्त्रात आहे?" लवूनं विचारलं.

"माझ्या," ती म्हणाली.

जयवंतनं जरा विचार केला. मग एकदम शहाण्या मुलासारखा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझी शपथ, आई. दर्या सांगेल तसं." मी त्याच्याकडे बघितलं. एरवी कौलाचं नाव काढलं की टिंगल करणारा हा गडी इतका गरीब कसा झाला, ते माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. दळण आणायचं होतं म्हणून मी उठले.

नारळ गावच्या झाडाचा होता, मे महिन्यात आलेला. सासूनं सोलून शेंडी ठेवली, कुंकू लावलं. वर लाल नाडा बांधायचं काम माझं. मी आमच्या पॅकिंगची गाठ मारली, खोक्याला मारतो तशी, चारी बाजूंनी आवळून, ओढली की आणखी घट्ट होणारी.

"कमळ, नारळ बांधतंस काय खोको?"

"पाण्यात सुटू नये म्हणून," मी म्हटलं.

मालाडहून बसनं आम्ही चौघं अक्साला गेलो. दुपार होती, पाऊस उघडलेला, वारा मात्र सोसाट्याचा. बसमधून उतरल्यावर जिथं सगळे जातात तिथं हीऽ गर्दी. लोक नारळ सोडत होते आणि कमरेएवढ्या पाण्यात पोरं टपून उभी होती. नारळ पडला की झेललाच. सासू तिथंच सोडायला निघाली.

"इथं नको, आई," जयवंत म्हणाला. "पोरानं पकडला तर दर्यानं घेतला की पोरानं, कसं कळणार? कौल आहे ना? नीट घेऊया. चल, जरा पुढे."

बोलण्यात तर खोट काढायला जागा नव्हती. आम्ही त्याच्या मागून चाललो. तो वाळू बघत नव्हता, माणसं बघत नव्हता, नुसता पाण्याकडे बघत चालला होता. मध्येच थांबायचा, मान वाकडी करायचा, पुन्हा चालायचा. मग एके ठिकाणी म्हणाला, "इथं. कसं शांत आहे बघ."

मी बघितलं. डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडे फुटत होत्या, आणि मध्ये एक काळपट, गढूळ पट्टा, गुळगुळीत. माझ्या परातीतली फट.

माझं टाळकंच सटकलं. आई डोळे मिटून काहीबाही पुटपुटत होती, तेवढ्यात मी त्याला कोपरानं ढोसलं. "जयवंत, लाज नाही वाटत? आईला फसवतोस?"

"वहिनी, गप ना यार," तो ओठ न हलवता म्हणाला. "तिला हो म्हणायला कारण पाहिजे. मी देतोय कारण."

आई त्याला सोडत नव्हती हे खरं, आणि इथं राहून तो ठोकळेच फेकत बसला असता हेही खरं. दोघांचाही राग आला आणि मी तोंड मिटलं. कौल त्यांचा, शपथ त्यांची.

सासू गुडघाभर पाण्यात गेली. लवूनं तिचा दंड घट्ट धरला होता. तिनं नारळ कपाळाला लावला आणि म्हणाली, "बाबा, खरा काय ता सांग. माझो झील तुझ्याकडे येता. होयो तर घे. नको तर माझो माका परत दी." आणि नारळ सोडला.

नारळ क्षणभर जागच्या जागी हलला. मग निघाला. कुणी दोरीनं ओढावा तसा सरळ आत. दोन्ही बाजूंना लाटा फेस काढत किनाऱ्याकडे येत होत्या, आणि हा पठ्ठ्या मधून उलटा चाललेला. लाल नाडा थोडा वेळ दिसला, मग लाटा फुटतात त्या रेषेच्याही पलीकडे गेला, मग दिसेनासा झाला.

"घेतल्यान," सासू म्हणाली.

जयवंत तिच्या पाया पडला. उठला तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता की तो लहान असताना कसा दिसत असेल ते मला कळलं. सासूही त्याच चेहऱ्याकडे बघत राहिली. रडली नाही. म्हणाली, "जा बाबा. त्येनाच हो म्हटल्यान, मी कोण नाय म्हणणारी?"

भाऊ दोघे चहा प्यायला टपरीकडे गेले. सासूला म्हटलं चला, तर म्हणाली, जरा पाय मोकळे करते. मी तिच्याबरोबर निघाले, तिला एकटी कशी सोडणार? पाण्याच्या कडेकडेनं आम्ही आणखी पुढे, खडकांच्या दिशेनं चालत राहिलो. बरंच चाललो. तिकडे लाटा एकामागून एक बांधावर फुटत होत्या आणि फुटल्या की सगळं आत आणून टाकत होत्या. हार, अगरबत्तीचे पुडे, एक चप्पल, निर्माल्य. नारळही दोनचार होते, कुणाकुणाचे.

सासू एकदम थांबली.

फेसात एक नारळ गडगडत होता. लाट त्याला वर आणायची, थोडा खाली ओढायची, पुन्हा वर आणायची. कुंकू धुवून गेलं होतं. लाल नाडा चारी बाजूंनी आवळलेला, गाठ तशीच्या तशी.

ज्या फटीतून पाणी बाहेर जातं ते पुढे जाऊन विरतं, वळतं आणि शेजारच्या लाटांवर बसून परत किनाऱ्याला येतं. हे मला पुढे कळलं. जयवंतलाही तेव्हा माहीत नव्हतं, कारण पुढचं काम होडीवाल्यांचं. त्या घटकेला मला एवढंच कळलं की पोराची वाट लागली.

सासूनं वाकून नारळ उचलला. माझ्या गाठीवरून अंगठा फिरवला. मी टपरीकडे वळून बघितलं. लांबवर दोघे भाऊ दिसत होते, जयवंत हातवारे करून काहीतरी सांगत होता, आणि लवू हसत होता. तीही बघत होती.

मग तिनं पदरानं नारळ पुसला, नाडा तोडून लाटेत टाकला आणि नारळ माझ्या पिशवीत घातला. वर छत्री आडवी ठेवली.

"कमळ, काय बघलंस?"

"आई, अहो नारळ तर..."

"काय नाय बघलंस."

"समुद्र टाकतोच हो वस्तू परत. पाणी फिरतं," मी म्हटलं. याहून पुढे बोलायचं तर तिच्या पोराची लबाडी सांगावी लागली असती.

"टाकता. पण कोणाचा टाकता ता त्येका बरोब्बर ठावक आसता," ती म्हणाली आणि चालायला लागली.

त्या संध्याकाळी तिनं स्वतः नारळीभात केला. तो नारळ तिनं स्वतः फोडला, स्वतः खवला, मला हात लावू दिला नाही. जयवंत चापून जेवला. "आई, आज भात काय झालाय यार! अजून वाढ." ती वाढत राहिली. स्वतः मात्र ताक पिऊन झोपली.

आणि त्या दिवसापासून तिनं नारळ सोडला.

मालवणी बाईनं नारळ सोडणं म्हणजे काय, ते मालवणी माणसालाच कळेल. आमच्या घरात मीठ संपलं तर एक वेळ चालेल. आमटीत नारळ, भाजीत नारळ, माशाला नारळ, पोहे असले तरी वर नारळ. तिचं सगळं वेगळं करायचं. संध्याकाळी मी कारखान्यातून उभी राहून राहून पायाचे तुकडे पडून आले की एकाच्या जागी दोन पातेली. लवूला तिनं सांगितलं, डॉक्टरनं बंद केलाय. लवूनं मान डोलावली आणि आमच्या पातेल्यातलं वाढून घेतलं. दोन वर्षं मी ती दोन पातेली घासली. कधी कधी इतका संताप यायचा की वाटायचं, सांगून टाकावं, तुमच्या देवानं काही सांगितलं नव्हतं, तुमच्या पोरानं तुम्हाला बनवलं आणि पाण्यानं त्याला बनवलं. मग बघायचे तर ती बिननारळाची आमटी भातावर घेऊन मुकाट्यानं जेवत असायची. जयवंतचं पत्र आलं की दोनदा वाचायला लावायची आणि देवासमोर ठेवायची. मला तिची कणव यायची. मी गप्प बसायचे.

जयवंत रजेवर आला तो मार्गशीर्षात. रंगानं काळा, अंगानं दुप्पट, दाराशी रिक्षा थांबली तर मी ओळखलंच नाही. सासूनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळला, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, दंड दाबून बघितले. दुसऱ्या दिवशी रविवार. सुरमई आणली, सगळे एकत्र जेवायला बसलो. जयवंत जहाजाच्या गोष्टी सांगत होता. तिथं म्हणे वाळू ओतून बेट केलं आणि पुढच्या तुफानात अर्धं बेट शेजारच्या किनाऱ्याला जाऊन बसलं. साहेब लोक डोक्याला हात लावून बसले.

मग आईच्या ताटाकडे त्याचं लक्ष गेलं. "आई, तुझं कालवण वेगळं का?"

"डॉक्टरान सांगल्यान," ती म्हणाली.

तो हसला. खूश होता, पोट भरलेलं होतं, घरी होता. त्याला वाटलं आता काय हरकत आहे. "आई, तुला एक गंमत सांगू? चिडायचं नाही हं. तो तुझा कौल आठवतो? अक्साला? अगं तिथं काहीही टाकलं तरी आतच जाणार होतं. मला माहीत होतं ना! मी मुद्दाम तुला त्या जागेवर नेलं." आणि लवूला टाळी द्यायला हात पुढे केला.

लवूनं टाळी दिली नाही. सासू घास हातात धरून त्याच्याकडे बघत होती.

"तो नारळ परत इल्लो, झिला," ती म्हणाली.

"काय?"

"परत इल्लो. खडकाकडे. माझ्या पायाशी. रात्री तूच खाल्लंस तो भातातसून."

जयवंत माझ्याकडे वळला. "वहिनी?"

"गाठ माझीच होती," मी म्हटलं.

जयवंतचा हसरा चेहरा हळूहळू उतरला. त्यानं आईच्या ताटाकडे बघितलं, बाजूच्या लहान पातेल्याकडे बघितलं, आणि दोन वर्षांचा हिशोब त्याच्या डोक्यात लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, तुझा तर विश्वास होता ना कौलावर? मी शपथ घेतली होती. तू नुसतं दाखवला असतास तर मी राहिलो असतो. मग जाऊ का दिलंस?"

सासूनं घास ताटात ठेवला.

"अनंताचो कौल मीच घेतल्लंय," ती म्हणाली. "देवळात. उजवो पडलो. माका इतको आनंद झालो की मीच त्येची पेटी भरलंय."

हे लवूलाही माहीत नव्हतं. मीही इतकी वर्षं धरून चालले होते की तो कौल न घेताच गेला असणार.

"तो उजवो कौल घेवन गेलो आणि इलो नाय. तुझो डावो इलो. म्हटलंय, बघूया, डाव्यान गेलेलो तरी येता काय. तू येईपर्यंत नारळ खावचो नाय." मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. "कमळ, ता मोठा पातेला हयसर सरकव गो. माका नारळाचा कालवण वाढ."